‘हायपो’च्या खाली काय आहे? : हायपो लागलेल्या इंग्रजी शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या वडगावात माझी इंग्रजीची शिकवणी आहे. दहावीची पोरं ‘हायपो’चा अर्थ विचारतात ते परीक्षेसाठी. त्यांचे आईवडील विचारतात तेव्हा हातात लॅबचा रिपोर्ट असतो, नाहीतर गाडीचं आरसी कार्ड. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले, की एकदाच लिहून ठेवावं असं ठरवलं. क्रम जसा सुचला तसा आहे.

हायपो म्हणजे नेमकं काय?

ग्रीक भाषेत ‘हुपो’ म्हणजे खाली. इंग्रजीत आल्यावर त्याचे ढोबळमानाने दोन उपयोग झाले. एक, जागेने खाली : हायपोडर्मिक सुई म्हणजे कातडीखाली जाणारी सुई. दुसरा, प्रमाणाने खाली, म्हणजे हवं त्यापेक्षा कमी : हायपोथायरॉइड, हायपोग्लायसेमिया. नवा शब्द समोर आला की आधी एवढंच विचारायचं, ‘जागा खाली आहे की माप खाली आहे?’ निम्मं काम तिथंच होतं. उरलेले थोडे शब्द, हिपक्रिटसारखे, या दोन्ही खणांत बसत नाहीत. त्यांची गोष्ट सांगावी लागते.

हायपो आणि हायपर यांत नेहमी गोंधळ होतो. लक्षात कसं ठेवायचं?

शिकवणीत मी सांगतो : हायपर वर, हायपो पोटाखाली. ‘पर’ला ‘वर’ जुळतं आणि ‘पो’ला पोट. पोरं हसतात, पण विसरत नाहीत.

गंमत म्हणजे हायपर आणि वर यांचं जुळणं निव्वळ यमकापुरतं नाही. आपला ‘वर’ आला संस्कृत ‘उपरि’पासून. प्राकृतात त्याचं ‘उवरि’ झालं, जुन्या मराठीत ‘वरी’, आणि आता ‘वर’. ग्रीक ‘हुपेर’ हा त्याच ‘उपरि’चा सख्खा चुलतभाऊ. इंग्रजीतला साधा ‘ओव्हर’ही त्याच घरातला. म्हणजे ‘माळ्यावर’ म्हणताना आपण हायपरच म्हणत असतो, फक्त झिजलेलं. (सरकारी पत्रांतलं ‘उपरोक्त’ मात्र चुकीचं बरं का. उपरि अधिक उक्त म्हणजे उपर्युक्त. पण हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.)

म्हणजे हायपो हा आपला ‘उप’ का? की ही व्हॉट्सअ‍ॅपवरची थाप?

नातं खरं आहे. थाप आहे ती ‘ग्रीकांनी संस्कृतातून उचललं’ ही. ग्रीक आणि संस्कृत या बहिणी. त्यांची आई कुठल्याच शिलालेखात सापडत नाही, लेकींच्या चेहऱ्यांवरून तिचा चेहरा जुळवावा लागतो. विल्यम जोन्स या कोलकात्यातल्या न्यायाधीशाने १७८६ साली एका भाषणात हे साम्य ठळकपणे मांडलं आणि तिथून भाषांच्या घराण्यांचा अभ्यास जोमात सुरू झाला. त्या मूळ भाषेतल्या ‘उपो’पासून इकडे ‘उप’, तिकडे ‘हुपो’. ग्रीकमध्ये शब्दारंभी ‘उ’ आला की त्याच्या आधी ‘ह’ चिकटतोच, त्यामुळे ह कुठून आला याची काळजी नको.

अर्थ मात्र दोन्हीकडे थोडा वेगळा सरकला. ‘उप’मध्ये जवळ असणं आहे (उपवास म्हणजे मुळात जवळ राहणं) आणि दुय्यम असणंही आहे : उपनगर, उपनदी, उपाहार. हायपोतलं ‘कमी’ आणि उपाहारातलं ‘हलकं खाणं’ यांत फार अंतर नाही. पाटीवर ‘उपहारगृह’ लिहिलेलं असतं ते चूक. उपहार म्हणजे भेटवस्तू, आणि तिथं इडलीचे पैसे द्यावे लागतात.

एक स्थानिक विनोद आहे. कर्नाटकात जिल्ह्याचा प्रमुख म्हणजे डेप्युटी कमिशनर, आपल्या तोंडी डीसी. हुद्द्यात ‘उप’, पण जिल्ह्यात त्यांच्या ‘उपरि’ कोणी नाही.

हायपॉटेन्यूजमध्ये ‘खाली’ कुठं आलं? कर्ण तर तिरका असतो.

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि माझा सगळ्यात आवडता आहे.

ग्रीक शब्द आहे ‘हुपोतेइनूसा’, म्हणजे खालून ताणलेली. कशाच्या खालून? काटकोनाच्या. काटकोन वर शिखरासारखा धरा, दोन बाजू छपरासारख्या उतरू द्या, आणि त्या दोन टोकांमध्ये दोरी ताणा. ती दोरी कोनाच्या खालीच येते. पुस्तकात काटकोन नेहमी डाव्या कोपऱ्यात तळाला काढलेला असतो, म्हणून आपल्याला कर्ण वर दिसतो. वही फिरवा, शब्द कळेल.

‘तेइन’ म्हणजे ताणणं, आणि इथंही नातं निघतं : संस्कृत ‘तन्’, मराठी ताण, तंतू. वडगाव-शहापुरातल्या पोरांना तर हे सांगावंच लागत नाही. घरात माग असेल तर ‘ताणा’ माहीत असतो, मागावर लांबीने ताणलेलं सूत. ‘हायपॉटेन्यूज म्हणजे कोनाखालचा ताणा’ म्हटलं की विणकराच्या पोराचा चेहरा उजळतो. लॅटिनमध्ये याच मुळापासून ‘टेन्शन’ आलं. म्हणजे हायपॉटेन्यूज आणि हायपोटेन्शन (कमी रक्तदाब), एक भूमितीतला आणि एक दवाखान्यातला, घटक तेच दोन : खाली आणि ताण.

आपल्या शुल्बसूत्रांतही, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या जुन्या सूत्रांतही, कर्ण दोरीच्याच रूपात येतो. बौधायनाचं सूत्र ‘दीर्घचतुरश्रस्याक्ष्णया रज्जुः’ असं सुरू होतं, म्हणजे आयताची तिरकी दोरी. आणि गवंडी आजही काय करतो? पाया आखताना एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि दोन खुणांमधला सुतळीचा ताण पाच फूट भरला की म्हणतो, ‘गुण्यात आलं.’ त्याची ती पाच फुटांची सुतळी, तोच हायपॉटेन्यूज.

शिकवणीत कन्नड माध्यमाची पोरं असली की आणखी एक घोळ होतो. ती या बाजूला ‘विकर्ण’ म्हणतात आणि चौकोनाच्या तिरक्या रेषेला ‘कर्ण’. मराठीत दोन्हींना कर्णच. एकाच बाकावर बसून दोघं एकमेकांची वही चूक ठरवतात. दोघंही बरोबर असतात.

गाडीच्या आरसीवर ‘हायपोथिकेशन’ लिहिलंय. हायपॉथिसिसशी त्याचा काही संबंध?

आहे, आणि जवळचा आहे. दोन्हींत हुपो अधिक ‘ठेवणं’ हे एकच ग्रीक क्रियापद आहे, संस्कृत ‘धा’चं भावंड. खाली ठेवलेलं.

हायपॉथिसिस म्हणजे युक्तिवादाच्या खाली ठेवलेला पाया. ‘आपण असं धरून चालू’ म्हणून जे धरतो ते. मराठीत गृहीतक. संस्कृतात उप आणि धा एकत्र आले तेव्हा ‘उपधा’ झालं, पण अर्थ भलतेच निघाले. पाणिनीच्या व्याकरणात उपधा म्हणजे शब्दातल्या शेवटच्या वर्णाच्या आधीचा वर्ण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उपधा म्हणजे अमात्यांची गुपचूप घेतलेली पारख. साहित्य सारखं, घरं वेगळी.

ग्रीक ‘हुपोथेके’ म्हणजे कर्जाखाली ठेवलेली वस्तू, तारण. अथेन्स परिसरात गहाण पडलेल्या जमिनींवर रोवलेले दगड सापडले आहेत. त्यांवर कर्ज किती आणि कुणाचं हे कोरलेलं. त्या दगडाला ते ‘होरोस’ म्हणत, म्हणजे सीमेचा दगड. आपल्या भागातल्या माणसाला सीमेच्या दगडाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण तिकडे तोच दगड ‘या शेतावर कर्ज आहे’ असंही सांगायचा. आज त्या दगडाचं काम आरसीवरची एक ओळ करते.

बँकेच्या मराठीत हायपोथिकेशनला फार नेमका शब्द आहे : नजरगहाण. वस्तू तुमच्याकडे, वापर तुमचा, बँकेची फक्त नजर. सोनं ठेवून कर्ज काढता तेव्हा दागिने बँकेच्या तिजोरीत जातात, ते ताबेगहाण. बँकेत कारकून असलेल्या एका मित्राकडून मी हे दोन शब्द पहिल्यांदा ऐकले आणि त्या अनाम भाषांतरकाराला मनातल्या मनात हात जोडले. ग्रीकांना ‘खाली’ सुचलं, आपल्याला ‘नजर’ सुचली. माझं मत विचाराल तर आपला शब्द जास्त स्पष्ट आहे.

माझ्यावरून एक सांगतो. केए २२ पासिंगच्या माझ्या स्कूटरचं कर्ज फिटलं, शेवटचा हप्ता भरला, पेढे वाटले, आणि विषय संपला असं समजलो. पाच वर्षांनी गाडी विकायला काढली तर आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव तसंच. कर्ज फेडलं म्हणून नोंद आपोआप जात नाही. कर्ज देणाऱ्याकडून ना हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडे नोंद काढून घ्यावी लागते. ज्या शाखेतून कर्ज घेतलं ती तोवर बंद झालेली. चार चकरा, दोन अर्ज आणि गिऱ्हाईक तिसरीकडे. शब्दाचा अर्थ मला पाठ होता, त्याचा काही उपयोग झाला नाही.

हिपक्रिट म्हणजे ढोंगी. त्यात ‘खाली’ काय आहे?

सरळ काही नाही, आणि ओढूनताणून आणू नये. ग्रीक ‘हुपोक्रितेस’ म्हणजे रंगमंचावरचा नट. त्यामागचं क्रियापद आधी ‘उत्तर देणं’ आणि मग ‘भूमिका करणं’ या अर्थाने वापरलं जाई. त्यातल्या ‘क्रि’चं मूळ निवडणं, पारखणं हे. त्यातूनच क्रिटिक आणि क्रायसिस आले. नटाला ग्रीक माणूस वाईट म्हणत नव्हता. पुढे ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या ग्रीकमध्ये ‘देवभक्तीचं नाटक करणारा’ या अर्थाने शब्द रुळला आणि बिचाऱ्या नटाची बदनामी झाली.

हा प्रवास मराठी माणसाला पटवून द्यावा लागत नाही, कारण आपल्याकडे ‘सोंग’ आहे. सोंगी भजनात सोंग घेतलेला माणूस कौतुकाचा धनी. आणि घरी काम सांगितल्यावर पोट धरून बसलेला पोरगा? तोही सोंगच करतो. एकच शब्द, टाळ्याही आणि शिव्याही. ज्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरने मराठी संगीत नाटकाला अण्णासाहेब किर्लोस्कर दिले, तिथं ‘नाटकं करू नको’ हे आई दिवसातून तीनदा म्हणतेच की.

डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये ‘हायपोकॉन्ड्रियम’ लिहिलंय. म्हणजे आजार मनाचा आहे का?

नाही! हे नीट वाचा, कारण यावरून आमच्या गल्लीत भांडण होता होता राहिलं.

शेजारच्या काकूंच्या पोटात दुखत होतं. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘राइट हायपोकॉन्ड्रियममध्ये वेदना’. त्यांच्या मुलाने मोबाइलवर शोधलं. निघालं ‘हायपोकॉन्ड्रियाक : उगाच आजारी असल्याचं वाटून घेणारा’. काकू तशाच चिठ्ठी घेऊन माझ्या दारात. “मी दुखण्याचं सोंग करतो व्हय वो मास्तर? रात्रभर तळमळतो मी!”

‘खोन्द्रोस’ म्हणजे कूर्चा. बरगड्यांच्या टोकाला जी मऊ हाडं असतात ती. त्यांच्या खालचा पोटाचा भाग म्हणजे हायपोकॉन्ड्रियम. डॉक्टर पोटाचे नऊ चौकोन कल्पून बोलतात. त्यांत वरच्या ओळीतला उजवा आणि डावा कोपरा हा. उजवीकडे यकृत आणि पित्ताशय. काकूंच्या पित्ताशयात खडे निघाले, हे नंतर कळलं. चिठ्ठीत फक्त पत्ता लिहिला होता.

मग वहमी माणसाला हे नाव का पडलं? जुन्या युरोपी वैद्यकात उदासीचं मूळ याच भागात, प्लीहा-यकृताच्या आसपास मानत. कारण न सापडणाऱ्या दुखण्यांचं खापर बरगड्यांखाली फोडलं जाई. समजूत गेली, शब्द राहिला.

रिपोर्टमधले बाकीचे हायपो?

पटापट घेऊ. पण औषधाचं डॉक्टरांनाच विचारा, मी भाषेचा मास्तर आहे.

हायपोथायरॉइडवर थोडं थांबावं लागेल. लोक रिपोर्टात टीएसएच वाढलेला पाहतात आणि म्हणतात, ‘मला हायपर आहे.’ बहुतेक वेळा नेमकं उलटं असतं. टीएसएच हा थायरॉइडचा रस नाही. तो मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम आहे. थायरॉइड आळसावली की पिट्युटरी मोठ्याने ओरडते, म्हणून आकडा वर. काम खाली, ओरडा वर, आणि नाव कामावरून पडतं. थायरॉइड शब्दही मजेदार : ‘थुरेओस’ म्हणजे दारासारखी मोठी ढाल, ‘थुरा’ म्हणजे दार. आपलं द्वार आणि त्यांचं थुरा एकाच मुळाचे. गळ्यात दार घेऊन फिरतो आपण.

हायपोग्लायसेमिया : ग्लुकुस गोड, हाइमा रक्त. रक्तातली साखर खाली. साधारण डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की डॉक्टर सावध होतात. घाम, थरथर, गोंधळ. अशा वेळी बेळगावात हात आधी कुंद्याकडे, आमच्या दुधाच्या मिठाईकडे, जातो, पण दुधातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. साखरपाणी किंवा ग्लुकोज लवकर पोचतं. कुंदा बरं वाटल्यावर.

हायपोथर्मिया : अंगाची ऊब खाली. ‘थेर्मोस’ आणि संस्कृत ‘घर्म’ ही भावंडं, आणि घर्मचाच झाला घाम. थर्मासमधून चहा ओतताना कपाळावर येतो तो घामही त्याच मुळाचा. हायपोनेट्रेमिया म्हणजे रक्तात सोडियम कमी. हायपोक्सिया म्हणजे ऑक्सिजन कमी, हा शब्द कोरोनाने घराघरांत पोचवला.

फोटो स्टुडिओतला ‘हायपो’ आणि फरशी पुसायचा ‘हायपो’ एकच का?

नाही. दोन वेगळी रसायनं, फक्त टोपणनाव एक.

स्टुडिओतला हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पूर्वी त्याला हायपोसल्फाइट म्हणत, त्याचं तोडकं रूप हायपो. चांदीचे क्षार यात विरघळतात हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये नोंदवलं, आणि वीस वर्षांनी फोटोग्राफी जन्मली तेव्हा प्रतिमा कायम करायला तेच कामी आलं. पुढे रसायनाचं नाव बदललं. डार्करूममधल्या माणसांनी बदललं नाही. पूर्वी आमच्या भागात एक स्टुडिओ होता, तिथं लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद हलवत मालक म्हणायचे, “हायपोत घातल्याशिवाय दार उघडू नको बे, सगळं काळं होईल.” शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक नसेल, पण त्यावाचून चेहरा टिकत नाही हे ठाऊक होतं.

फरशीवरचा तो सोडियम हायपोक्लोराइट. इथं ‘खाली’ ऑक्सिजनच्या मोजणीत आहे. क्लोरीनच्या आम्लांची एक शिडी असते : परक्लोरिकमध्ये चार ऑक्सिजन, क्लोरिकमध्ये तीन, क्लोरसमध्ये दोन, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर एकुलत्या एक ऑक्सिजनचं हायपोक्लोरस. वरच्या पायरीचा तो ‘पर’ लॅटिन आहे, हायपरशी गल्लत नको.

हायफनमध्येही हायपो आहे म्हणतात, खरं?

खरं. हुपो अधिक ‘हेन’. हेन म्हणजे एक. ‘एकाखाली’, म्हणजे एकत्र. ग्रीक हस्तलिखितांत दोन शब्द जोडून वाचायचे असतील तर खाली एक वक्र रेघ काढत, पाळण्यासारखी. ती आता मधोमध आडवी झाली. प आणि ह जवळ आल्यावर फ झाला. ‘तत् अधिक हित’चं तद्धित करणाऱ्या आपल्याला यात नवल नाही.

उच्चार ‘हाय’ की ‘हि’?

बहुतेक ठिकाणी हाय. हिपक्रिट आणि हिपॉक्रसी हे अपवाद. हा शब्द फ्रेंचमधून फार आधी, ‘ह’ गाळूनच इंग्रजीत शिरला होता. लिहिण्यातला ह पुढे पंडितांनी परत आणला. हायपॉथिसिस आणि हायपॉटेन्यूज नंतर आले, थेट पुस्तकांच्या वाटेने. बेळगावी उच्चारात ‘हैपो’ होतं, त्याने कुणाचे मार्क जात नाहीत.

मग हिप्नॉसिस, हिप्पोपोटॅमस, हिप्पोकॅम्पस?

यांतल्या एकातही हायपो नाही. परीक्षेत हमखास फसवायला घालतात.

हिप्नॉसिस ‘हुप्नोस’पासून, म्हणजे झोप. संस्कृत स्वप्नचं भावंड. हिप्पो म्हणजे घोडा. स्पेलिंग पाहिलं तर वायऐवजी आय आणि दोन पी. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग, आकार समुद्रघोड्यासारखा म्हणून ते नाव. त्याच मेंदूत थॅलॅमसच्या खाली असतो तो हायपोथॅलॅमस, हा मात्र खरा हायपो. आणि हिप्पोपोटॅमस म्हणजे नदीतला घोडा. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा कंग्राळीहून येणारी एक पोरगी म्हणाली, “सर, आमच्या मार्कंडेय नदीत म्हशी बसतात, त्यांना काय म्हणायचं?”

ग्रीकमध्ये गाय-बैलाला ‘बूस’ म्हणतात हे मला माहीत होतं. म्हशीसाठी त्या दिवशी काही सुचलं नाही, मग फळ्यावर ‘बूपोटॅमस’ लिहून दिलं. वर्गात आता तोच शब्द चालतो.